भिंगरीला खरं सांगायचं

लहान पोरांचे केस कापावेत तर त्यानंच, असं आसपासच्या गल्ल्यांतल्या आया म्हणायच्या. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून पोराला बसवलं की याचं तोंड सुरू. "अरेच्चा, तुझ्या कानामागं चिमणीनं घरटं केलंय की! हलू नकोस हां, पिल्लं पडतील." पोर श्वास रोखून बसायचं आणि तेवढ्यात कात्री आपलं काम उरकायची. पोरांनीच त्याला थापाडेकाका नाव ठेवलं होतं. सलूनचा मालकही त्याच नावानं हाक मारायचा.

घरात मात्र या थापाड्याची एकही थाप चालत नसे. त्याची मुलगी सात वर्षांची. पाय फुटले तशी ती स्वतःभोवती गोल गोल फिरायला लागली, म्हणून कौतुकानं सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. फिरणं थांबलं नाही, बोलणं काही सुरू झालं नाही, आणि कौतुक कधी आटलं ते कुणालाच कळलं नाही. मनाविरुद्ध काही झालं की ती भिंतीवर डोकं आपटायची, स्वतःच्या मनगटाला चावायची. मनगटावरची कातडी जाड, काळपट झाली होती. डोक्याला बापाला हात लावू देत नसे, त्यामुळे केसांच्या जटा झालेल्या. "दिव्याखाली अंधार," एक गिऱ्हाईक एकदा पेपराआडून म्हणालं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वस्तरा धुवायला घेतला.

दाढ किडली तेव्हा त्यानं तिला "चल, फिरायला जाऊ" म्हणून दवाखान्यात नेलं होतं. चौघांनी दाबून धरलं आणि दाढ निघाली. तेव्हापासून अनोळखी दार दिसलं की भिंगरी रस्त्यातच आडवी पडायची.

मोठ्या डॉक्टरांनी थेरपी सुचवली. नंबर लागायला बरेच महिने गेले. थेरपी करणाऱ्या बाईंनी आधी आईबापांनाच बोलावून घेतलं. पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई.

"तिला काय सांगून आणणार आहात?" त्यांनी विचारलं.

"सांगू काहीतरी," तो म्हणाला. "बागेत जायचंय म्हणू."

"अजिबात नाही. जे आहे तेच सांगायचं. बोलत नाही म्हणजे तिला कळत नाही असं नाही. फोटो दाखवा. रस्ता दाखवा. दार दाखवा. दारामागं कोण असेल, तेही दाखवा." एवढं बोलून त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि स्वतःचा फोटो काढू दिला.

बायको एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला होती. घरी येताना ती म्हणाली, "अहो, आधी सांगितलं तर आठवडाभर घर डोक्यावर घेईल. मला उभ्यानं काम असतं, रात्रीची झोप तरी नको का?"

"फसवून नेलं तेव्हा काय झालं, बघितलंस ना?"

ती झपाझप पुढं चालू लागली.

त्यानं फोटो छापून आणले आणि कपाटाच्या दारावर ओळीनं चिकटवले: बस, जिना, निळं दार, चपलांचं कपाट, शेवटी चष्मेवाल्या बाई. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो भिंगरीजवळ बसून एकेका फोटोवर बोट ठेवायचा. "ही बस. हा जिना. या बाई. सुई नाही. कुणी धरणार नाही. बाबा तिथंच." आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या माणसाला मोजकं बोलणं फार जड गेलं. भिंगरी बघायचीच नाही. पहिल्या दिवशी ती त्याला चावलीही. तो तरी नेटानं सांगत राहिला.

सुट्टीच्या दिवशी तो तिला जिन्यापर्यंत नेऊन परत आणायचा. नंतर एकदा निळ्या दारापर्यंत. तिनं दाराला हात लावला, वास घेतला आणि आडवी न पडता परत फिरली. त्या संध्याकाळी घरी तिनं आपण होऊन बाईंच्या फोटोवर बोट ठेवलं. बायको कणीक मळत होती, ती तशीच भरल्या हातांनी येऊन उभी राहिली.

ठरल्या दिवशी दोघांनी रजा घेतली. बस झाली, जिना झाला. भिंगरीनं स्वतः चपला काढून कपाटात ठेवल्या. दार उघडलं आणि समोर एक तरुण मुलगी उभी. चष्मा नाही, काही नाही.

"त्या बाईंनी नोकरी सोडली," ती हसून म्हणाली. "आता मी आहे. ये बाळा."

भिंगरीनं तिच्या मागं पाहिलं, खोलीत पाहिलं, मग बापाकडे. आणि किंकाळी फोडून तिनं चौकटीवर कपाळ हाणलं.

"उचला आणि आत न्या!" बायको ओरडली. "इतके महिने थांबलोय आपण!"

काउंटरवरचा माणूसही म्हणाला, "आज आत गेली नाही तर नंबर मागं जाईल हो."

उचलायला तो वाकलाही. पण तिच्या काखेत हात घालताच ती लाकडासारखी ताठ झाली, दाढ काढायला धरलं होतं तशी. त्यानं हात काढून घेतले, खाली बसला आणि चौकट आणि तिचं कपाळ यांच्यामध्ये आपला तळवा धरला. ती आपटत राहिली. बोटं सुजेपर्यंत त्यानं हात हलवला नाही.

"त्या बाई नाहीत," तो सांगत होता. "बाबाला ठाऊक नव्हतं. बाबा चुकला. आत जायचं नाही आज."

नवी मुलगी गोंधळून बाजूला बसली होती. "फोटो दाखवलेत हे मला कुणी सांगितलंच नाही," ती हळूच म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. त्याचा कुणाला काय उपयोग?

घरी आल्यावर भिंगरीनं कपाटावरचा बाईंचा फोटो नखांनी खरवडून काढला. बाकीच्यांना हात लावला नाही. बायको त्याच्याशी कामापुरतंही बोलेना. सलूनमध्ये सुजलेल्या हातात कात्री धरवेना, म्हणून मालकानं त्याला केर काढायला लावलं.

नंबर मागं गेला तो गेलाच. पुन्हा आला तोवर त्यानं त्या मुलीचा फोटो आणून चिकटवला होता, आणि या खेपेला बोट ठेवून म्हणायचा, "या ताई असतील. नसल्या तर आपण परत येऊ." भिंगरी आत गेली, पण टेबलाखाली. कितीतरी आठवडे ती टेबलाखाली आणि ताई शेजारी जमिनीवर.

पुढं वर्षभरात फार काही बदललं नाही. बोलणं आलं नाही. डोकं आपटणं कमी झालं, थांबलं नाही. एक गोष्ट मात्र ती शिकली: नको असेल तर चावायचं नाही, तळवा समोर धरायचा. ताईनं आईबापांना बजावलं होतं, "तिनं हात दाखवला की तुम्ही थांबायचंच. एकदा जरी मोडलंत, तरी तिला वाटेल, याचा उपयोग नाही."

एका संध्याकाळी बायको कामावरून आली. भिंगरी शांतपणे खिडकीपाशी बसली होती. किती दिवसांनी लेक अशी निवांत दिसली, म्हणून तिनं पिशवी टाकली आणि दोन्ही हात पसरून तिला जवळ घ्यायला गेली.

भिंगरीनं तळवा समोर धरला.

बायको जागच्या जागी थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी एखादी थाप मारून हा वाट काढील, अशा नजरेनं. तो काहीच बोलला नाही. मग तिनं पसरलेले हात खाली घेतले आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं आत निघून गेली.