टेस्ट लॅम्पची भोकं

गाडी बंद पडली की लोकांना वाटतं, काहीतरी तुटलं असणार. तुटलेलं असतं तर मी नारळ फोडला असता! वलवणला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि हल्ली येणाऱ्या निम्म्या गाड्यांत काहीच तुटलेलं नसतं, नुसता अबोला असतो. इंजिनाचा एक छोटा कॉम्प्युटर, गिअरचा एक, ब्रेकचा एक, मीटरचा एक. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून हे सगळे दिवसभर एकमेकांना निरोप देत असतात. निरोप थांबला की मीटरवरचे सगळे दिवे एकदम पेटतात आणि गाडी गिअर सोडून देते. कोण कोणाशी बोलत नाही हे स्कॅनर सांगतो. का बोलत नाही ते सांगत नाही, ते आपण शोधत बसायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर वराळ्याचे एक भाऊ अशीच गाडी टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागं ओढत घेऊन आले. देहूरोडला डेपोत कामाला. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांत जीव नाही. गाडी ऑटोमॅटिक, आणि ब्रेक-अॅक्सिलरेटर हातानं दाबायला स्टिअरिंगखाली दांडी बसवून घेतलेली. कुबड्या टेकत दुकानात आले, "जय भीम" म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. मी गाडी उघडायच्या आधीच त्यांनी मला सगळं सांगून टाकलं.

"लोकलनं जायचो तवा कुणीतरी उचलल्याबिगर डब्यात चढता येत नव्हतं. स्टेशनवर हमाल, कामावर सोबती, घरी मेव्हणा. चांगली माणसं हो, पर जो तो काखेत हात घालतो. ही गाडी घेतल्यापासून मला कुणी हात लावला न्हाई. पैशाचं सांगू नका, नीट करा एवढंच."

"बघू, होईल," मी म्हणालो. आमच्या धंद्यात नाही म्हणायची पद्धतच नाही.

सीटखालचं कार्पेट उचललं आणि माझं डोकं फिरलं. त्या दोन वायरींवर जागोजागी टोचल्याच्या खुणा. माझ्याआधी गाडी तळेगाव, कामशेत, खंडाळा असं करत चार-पाच ठिकाणी फिरून आली होती आणि प्रत्येकानं टेस्ट लॅम्प चालवला होता. टेस्ट लॅम्प म्हणजे टोकाला सुई आणि मुठीत बल्ब. वायरीत सुई खुपसायची, बल्ब पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर पुढं टोचायचं. जुन्या गाड्यांना ते बरोबर होतं. पण या निरोपाच्या वायरींत करंट असतो नखाएवढा. चांगल्या वायरीवरही बल्ब पेटत नाही. मग यांना वाटलं, वायर मेलेली आहे. टोचा पुढं! अजून पुढं! अरे, माणसं का डास तुम्ही!

आणि आमच्याकडचा पाऊस. चार महिने कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तर सुईच्या भोकात पाणी शिरायला कितीसा वेळ? आतलं तांबं हिरवं पडून कुजलं होतं, वरून वायर धडधाकट. सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? मूळ दोष डॅशबोर्डमागच्या अर्थिंगच्या एका गंजलेल्या बोल्टचा होता. घासून आवळला असता की काम संपलं असतं. पहिल्या मेकॅनिकनं तेवढंच केलं असतं तर!

बोल्ट मी घासला. कुजलेले तुकडे कापले, नवे जोडले, पूर्वीसारखा पीळ घातला. स्कॅनर लावला तर सगळे बोलायला लागले. भाऊंनी शेजारच्या टपरीवरून सगळ्यांना चहा सांगितला आणि मलाच चिडवलं, "काय हो, तुमचं डोकं थंड झालं का न्हाई आता?" फार हसले त्या दिवशी.

त्यांना द्यायच्या आधी मी गाडी कामशेतपर्यंत नेली. येताना चढावर सगळे दिवे पेटले, गिअर सुटला आणि गाडी मागं सरकायला लागली. मागं कंटेनर, त्याचा हॉर्न कानात. मी पाय आपटून ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला आणि उडी टाकून रस्त्याच्या कडेला आलो. मला उडी तरी मारता आली.

पुन्हा उघडली. वायर दुसऱ्या भोकाशी कुजलेली. ते काढलं तर चार दिवसांनी तिसरं. त्या वायरी गाडीभर जुडग्यात गुंतलेल्या; अख्खी वायरिंग बदलायची म्हटलं तर ते मॉडेलच बंद झालेलं, सामान येत नाही. भंगारातली आणली, ती आधीच उंदरांनी खाल्लेली. शेवटी भाऊंना बोलावून घेतलं. रिक्षा करून आले. कसं सांगावं हे मला शेवटपर्यंत सुचलं नव्हतं.

"भाऊ, ही होणार नाही. आज चालेल, उद्या चालेल, आणि एक दिवस हायवेवर दगा देईल. चालवू नका."

"बाकीचे होईल म्हनत हुते."

"ते खोटं बोलत होते."

"व्हय," ते म्हणाले. मग विचारलं, "दुसरी घेतली तर?"

"घेता येईल?"

"न्हाई." त्यांनी गाडीत बसून एकदा दांडी पुढं-मागं केली आणि मेव्हण्याला फोन लावला.

मेव्हणा जीप घेऊन आला. चांगला माणूस, सवयीचा. त्यानं पाठीमागून काखेत हात घातले तेव्हा भाऊंनी डोळे मिटून घेतले. जीप उंच होती, त्याला एकट्याला जमेना. मी पाय धरायला पुढं झालो.

"तुमी नका," भाऊ डोळे न उघडता म्हणाले. "तुमी तरी नका हात लावू."