चेहऱ्यात बदल झाल्यास

आमच्या फौंड्रीच्या गेटवर चेहरा ओळखणारे कॅमेरे बसले, तेव्हा कामगारांचे फोटो मीच घेतले. मी तिथला टाइमकीपर. भंगाराची चोरी झाल्यापासून मालकांचा कुणावर विश्वास उरला नव्हता. ते मला म्हणाले, आता बाहेरचं चिटपाखरूही आत येता कामा नये. यंत्राची सूत्रं माझ्या हातात आल्यामुळे मी तेव्हा जरा चढूनच गेलो होतो, हे कबूल करतो.

फोटोच्या दिवशी सगळे लग्नाला निघाल्यासारखे नटून आले. इस्त्रीचे शर्ट, तोंडाला पावडर, मिश्यांना पीळ. भट्टीवरचा आमचा सर्वांत जुना माणूस पेठ वडगावजवळच्या एका खेड्यातला. तो तर केस आणि मिशी काळीभोर करून आला होता. एकोणीस वर्षं वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहिलेला हा माणूस त्या एवढ्याशा भिंगासमोर लाजला. मी त्याची चेष्टा केली आणि तसाच त्याचा फोटो घेतला. मग नियम टाइप करून बोर्डावर लावले. त्यात एक होता: चेहऱ्यात बदल झाल्यास ऑफिसला लेखी कळवावे. तो मी दाढी-चष्म्याचा विचार करून घातला होता. कुणी वाचला नसेल. लावल्यावर मीही विसरलो.

पुढे चारेक महिन्यांनी त्याचे वडील वारले. रक्षाविसर्जनाला मी त्याच्या गावी गेलो. नदीकाठी माणसं जमली होती, आणि तो कुठे दिसेना. शेवटी त्यानेच हाक मारली. डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवलेली, गाल बसलेले. मी समोरून दोनदा गेलो होतो तरी ओळखलं नव्हतं. बाप गेला की मुलगा केस-मिशी उतरवतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यंत्राला ते कुणी सांगितलेलं नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या पाळीला हजर झाला. कॅमेऱ्याने लाल दिवा लावला. गेटवरचा आडवा दांडा जागचा हलला नाही. वॉचमन एजन्सीकडून नव्यानेच आलेला, त्याला कुणीच माहीत नव्हतं.

"पावणं, कुणाकडं आलाय?" त्याने विचारलं.

"कुणाकडं म्हंजे? कामावर आलोय की."

"यंत्र न्हाय म्हणतंय."

वॉचमनने मला फोन लावला. मालकांच्या कामासाठी मी शाहूपुरीत गेलो होतो, गर्दीत तो ऐकू आला नाही. इकडे भट्टी तापत आलेली. अर्धा तास थांबून आमचा भट्टीवाला मागच्या बाजूला गेला. तिथे वाळूच्या ढिगाशेजारी कुंपण मोडलेलं होतं आणि उशीर झाला की सगळे तिथूनच आत यायचे, वर्षानुवर्षं. मीही कितीदा आलोय. नव्या कॅमेऱ्यांतला एक नेमका त्या वाटेवर रोखला होता. धोक्याचा भोंगा वाजला आणि कुंपणातून वाकून शिरणारा बोडका माणूस मालकांच्या मोबाइलवर दिसला.

तो कोण हे दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं. मला वाटलं, हसण्यावारी जाईल. पण पक्क्या नोकरीतली जुनी माणसं कमी करायचं मालकांच्या मनात आधीपासून होतं, त्यांना आयतं निमित्त मिळालं. बेकायदा प्रवेश म्हणून त्याला घरी बसवलं आणि चौकशी लावली. चौकशीला मालकांचे वकील बसले होते. त्यांनी माझाच नियम मला वाचून दाखवला आणि त्याला विचारलं, चेहरा बदलल्याचं ऑफिसला का कळवलं नाही?

तो गोंधळला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "सायेब रक्षाइसर्जनाला आलते की. त्यांनी बघितलंय मला. ऑफिस म्हंजे त्येच न्हवं का?"

वकील माझ्याकडे वळले. मालक शेजारीच बसले होते. ऑफिसला कळलं होतं, चूक माझी आहे, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते बोललो असतो तर त्याची नोकरी वाचली असती. कदाचित माझी गेली असती. मुलीचं लग्न ठरत होतं, वगैरे कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगितली. तिथे मात्र मी म्हणालो, "गेलो होतो. पण ऑफिसला लेखी काही आलं नाही."

शब्द न् शब्द खरा होता. तो रागावलासुद्धा नाही. महिन्याभरात त्याला काढल्याचं पत्र मीच टाइप केलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी शेवटच्या कागदांवर सह्या करायला त्याला बोलावलं. केस वाढले होते, मिशीही आली होती. यंत्रातून त्याचं नाव काढायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. तो गेटपाशी आला तसा हिरवा दिवा लागला आणि दांडा वर गेला. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. तो होता तिथेच थांबला.

"आत येऊ न्हवं, सायेब?" त्याने विचारलं. "का आदी लिवून देऊ?"

त्याला माझ्या टेबलासमोर बसवायची माझ्यात हिंमत नव्हती. मी कागद गेटवरच नेले, आणि त्याने वॉचमनच्या स्टुलावर वाकून जिथे जिथे मी दाखवलं तिथे सह्या केल्या.