बॅरलच्या तळाचं पाणी

मे महिन्यातली ती दुपार मी विसरलेले नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात नंदनवन वस्तीच्या बाजूला एका छोट्या खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि चार मिनिटांत आचके देऊन बंद पडला. डॉक्टरांनी टॉर्चच्या उजेडात टाके घातले. टेबलावरची बाई वाचली. त्याच दिवशी डॉक्टरांची फिर्याद आमच्या ठाण्यात आली. जनरेटरच्या टाकीत डिझेलखाली पाणी निघाले होते. जनरेटर चालवणारा ऑपरेटर डिझेल चोरून विकतो आणि पाण्याने भर घालतो, असा त्यांचा संशय होता.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. एरवी माझ्याकडे घर सोडून गेलेल्या मुली आणि सासू-सुनांचे अर्ज यायचे. त्या दिवशी बाकीचे अधिकारी बंदोबस्तावर होते, म्हणून हा तपास माझ्याकडे आला. यापलीकडे त्यात काही मोठेपणा नव्हता.

जनरेटरच्या खोलीत पाण्याने भरलेली बादली सापडली. ठाणेदार साहेबांना तेवढे पुरे होते.

"बादली मिळाली, माणूस मिळाला. आणखी काय पाहिजे, बाई? उद्या दुपारपर्यंत अटक दाखवा."

ऑपरेटर चाळिशीचा होता. हाताला ग्रीस, अंगात खाकी शर्ट. चौकशीत घाबरलेला माणूस जास्त बोलतो. हा मोजकेच बोलत होता.

"बादली कशाला ठेवलीस?"

"इंजिन पाण्यावर थंड होते, मॅडम. पाणी नाही टाकलं तर जळून जाईन ते."

"आणि डिझेलात?"

"मी काहून टाकीन? ते इंजिन बंद पडलं तर पयले मायीच मान पकडतात, हे मले समजत नाही का?"

मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवले. एवढ्यात त्याची बायको आली. ती धुणीभांडी करणारी बाई, साडीचा पदर ओला. शिपायाने अडवले तरी ती थांबली नाही.

"तुमीच का साहेबीण? माया नवऱ्यानं पाणी ओतलं म्हणता. आमच्या वस्तीत चार दिवसापासून नळ नाही. घरी प्यायले पाणी नाही, अन् हा डिझेलात बकेटीनं ओतते का?"

शिपाई हसला. मी हसले नाही. पहाटे उठून अर्ध्या तासाच्या नळावर दोन हंडे भरून मीही ड्यूटीवर आले होते. नागपुरात त्या महिन्यात डिझेल मिळत होते, पाणी मिळत नव्हते. पाणी कोणी ओतले, हे सगळे विचारत होते. ते आले कुठून, हे कोणी विचारले नव्हते.

मी ऑपरेटरला पुन्हा आत घेतले. दवाखान्याच्या कोठीत आणखी सहा बॅरल सीलबंद आहेत, असे त्याने सांगितले.

"ते पाहा नं, मॅडम. सील तुमीच तोडा. डिझेलातून करंट जात नाही, पाण्यातून जाते. मीटर लावलं की समजते."

संशयिताच्या हाती मीटर देणे शक्य नव्हते. पण आमच्या बिनतारी विभागात वायरलेस सेट दुरुस्त करणारा एक हवालदार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपला मल्टिमीटर घेऊन आला. दोन पंच बोलावले. हवालदाराने लाकडाच्या लांब काठीला दोन तारा बांधल्या, फक्त टोके उघडी ठेवली आणि काठी पहिल्या बॅरलमध्ये सोडली. वर आणि मध्ये मीटरची सुई जागची हलली नाही. तळापासून वीतभर अंतरावर ती झटक्यात वळली. सहाही बॅरलमध्ये तेच झाले. सगळ्यांच्या तळाशी पाणी होते.

मी ठाण्यात फोन केला. ठाणेदार म्हणाले, "त्यानेच सील काढून परत लावले असेल. पाणी त्या बादलीतलेच."

"मग बादलीलाही विचारू, साहेब," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बॅरलच्या तळाचे पाणी रबरी नळीने काढून एका बाटलीत भरले, बादलीतले दुसऱ्या सारख्याच बाटलीत. हवालदाराने दोन सळ्या घेतल्या आणि त्यांच्यामधले अंतर बदलू नये म्हणून मध्ये आगपेटी बांधली.

"रिकामी आहे, मॅडम," तो घाईने म्हणाला. "डिझेलजवळ भरलेली आणाले मी काही पागल नाही."

दर वेळी सळ्या पुसून त्याने तीनदा मोजले. बादलीच्या पाण्यात सुई थोडी सरकून थांबायची. बॅरलच्या पाण्यात ती थेट दुसऱ्या टोकाला जायची. हवालदाराने डोके खाजवले.

"साध्या पाण्यात सुई इतकी जात नाही. याच्यात मीठ आहे, अन् चांगलं मूठमूठ आहे. चाखून पाहू का?"

"पंचनाम्यात तुझी चव लिहिता येणार नाही," मी म्हणाले. नमुने सील करून प्रयोगशाळेकडे पाठवले. नंतर त्यांनीही मीठच सांगितले.

ऑपरेटर कोपऱ्यात उभा राहून सगळे पाहत होता. मी त्याला विचारले, "हे बॅरल येतात कुठून?"

"काटोल रोडच्या बर्फाच्या कारखान्यातून. मालक डिझेलचाही धंदा करते."

बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याचा मोठा हौद असतो. पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे त्यात बुडवून बर्फ करतात. आम्ही जीप तिकडेच वळवली.

मालकाने खुर्ची दिली, सरबत मागवले. मी बॅरलचे नावही काढले नाही. पाण्याच्या टंचाईवर बोलत राहिले. तो रंगात आला. नळ येत नाही, विहीर आटली, बर्फापुरते पाणी टँकरने येते, मजुरांना हात धुवायलाही देत नाही, असे सांगत सुटला. बोलू दिले की माणूस आपला बचाव आपणच मोडतो. मग मी हवालदाराला खूण केली. त्याने हौदातले पाणी बाटलीत घेतले आणि तीच आगपेटी बांधलेल्या सळ्या त्यात सोडल्या. सुई त्याच टोकाला गेली.

"तुमच्या हौदातलं पाणी दवाखान्याच्या सीलबंद बॅरलमध्ये कसं गेलं, शेठ?"

मालकाने सरबताचा पेला बाजूला सारला. मग वैतागून म्हणाला, "तो और क्या डालते, मॅडम? उन्हाळ्यात दुसरं पाणी आणाचं कुठून?"

तो कबुलीजबाब मी नोकरीभर सांगत आले आहे. पोलिसासमोरची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून कारखान्यातले सील लावण्याचे यंत्र, काढून ठेवलेले डिझेल आणि हौदाचा नमुना त्याच दुपारी पंचांसमक्ष जप्त केला. मालकाला शिक्षा झाली. ऑपरेटरची नोकरी टिकली.

अटकेच्या कागदावर सही करायला दोन मिनिटे लागली असती. त्यानंतर ते सहा बॅरल कोणी उघडले नसते आणि ऑपरेटरच्या मुलांना शाळेत चोराची मुले म्हटले गेले असते. तेव्हापासून मी हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला एकच गोष्ट सांगितली. कोणी केले हे विचारण्याआधी वस्तू कुठून आली ते विचारा. माणूस खोटे बोलेल किंवा घाबरून गप्प बसेल. वस्तूला तसे करता येत नाही.

दोषारोपपत्र मी स्वतः लिहिले. ठाणेदारांनी ते वाचले, सही केली आणि पुढची मोठी चोरी माझ्याकडे दिली. त्या दोषारोपपत्रात ऑपरेटरचे नाव साक्षीदारांच्या यादीत होते, पहिल्या क्रमांकावर.