नेर-पुसद गाडीतले मुके प्रवासी

गाडी दारव्ह्याच्या स्टँडवर लागली, माणसं चढली, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. मी हेडफोन काढून पाहिला. फोनचा आवाज वाढवला. इंजिनाची घरघर येत होती, घंटी वाजत होती, मागच्या बाजूला एक बकरीही ओरडत होती. माणसं तेवढी मुकी. खचाखच भरलेल्या गाडीत इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. 

आधी माझा धंदा सांगतो. मी गेम खेळतो आणि त्यांच्याबद्दल लिहितो. पुण्याची एक वेबसाइट मला त्याचा पगार देते आणि मी पुसदला घरी बसून काम करतो. आमच्या गल्लीत याला अजून कोणी काम समजत नाही. शेजारचे काका पाहुण्यांना सांगतात, दिवसभर मोबाईल खेळते बाप्पा, अन् पगार उचलते. उचलतो तर उचलतो. गेम कसा आहे, घ्यावा का, हे लिहून शेवटी दहापैकी गुण द्यायचे, याला आम्ही रिव्ह्यू म्हणतो. पेपर तपासण्यासारखंच आहे ते, फक्त इथं पालक, म्हणजे गेम बनवणारे, जास्त भांडतात.

ही मुकी गाडी ज्यातली, तो बसचा गेम नेरच्या स्नेहलनं केलेला. तिशीतली बाई. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती. नोकरी सोडून गावी आली आणि एकटीनं खपून हा गेम बनवला. त्यात आपण कंडक्टर. नेरवरून दारव्हा, दिग्रस करत पुसदला यायचं. तिकिटं द्यायची, सुट्ट्या पैशांवरून वाद घालायचा, कोण कुठं उतरणार ते ध्यानात ठेवायचं. आणि सगळा वेळ प्रवासी बोलत असत. सोयरिकी, दुखणी, कापसाचा भाव, कोणाची सून कशी. त्यांचे आवाज तिनं आपल्याच गल्लीतल्या लोकांचे घेतले होते. अस्सल वऱ्हाडी बोली, पुस्तकातली नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा मात्र गेमचे बारा वाजलेले होते. दिग्रसच्या पुढं गेला की बंद पडायचा. सेव्ह व्हायचा नाही, म्हणजे जिथवर खेळलो ते सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा नेरपासून सुरुवात. काही प्रवासी सीटमधून खाली रस्त्यावर पडायचे आणि बसल्या बसल्या गाडीमागून घसरत यायचे. मी हे सगळं रिव्ह्यूत लिहिलं. प्रवाशांची बडबड कमी-जास्त करायची सोय नाही, हेही लिहिलं. आणि बकरी घेऊन बसणारे एक आजोबा आहेत, त्यांचं बोलणं ऐकून हसता हसता माझी तिकिटं द्यायची राहिली आणि गेममधली नोकरी गेली, असंही लिहिलं. गुण दिले चार. ज्याच्यावर लोक पैसे खर्च करणार तो गेम चालतच नसेल तर दुसरं काय देणार?

काही महिन्यांनी स्नेहलचा फोन आला. पॅच आणला म्हणाली. पॅच म्हणजे ठिगळ. विकून झालेल्या गेममधल्या चुका दुरुस्त करून पाठवायच्या, त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आपोआप जाऊन बसतात. सगळं नीट केलं सर, एकदा परत खेळा आणि रिव्ह्यू बदला, एवढंच तिचं म्हणणं. बाहेरची एक कंपनी तिचा गेम देशोदेशी न्यायला तयार होती. अट एकच, आमच्या साइटवर निदान सात गुण दिसले पाहिजेत. या एका गेमवर तिनं सगळं लावलं होतं, हे मला माहीत होतं.

आमच्या संपादक केतकी मॅडम पुण्यात बसतात. त्यांचा नियम कडक. छापून आलेला रिव्ह्यू बदलायचा नाही. पहिल्या दिवशी ज्यांनी पैसे घालून तुटका गेम घेतला त्यांचं काय, असं त्या विचारत. मी म्हणायचो, आज जो घेणार त्याला जुन्या भांडणाचं काय देणं? त्याला आजचा गेम कसा आहे ते सांगा. बरीच खडाजंगी झाली. शेवटी त्या म्हणाल्या, खेळून बघा आधी, मग ठरवू.

मी खेळायला बसलो, आणि गाडी अशी मुकी निघाली. दिग्रस पार झालं, गेम बंद पडला नाही. सेव्ह झाला. कोणी रस्त्यावर पडलं नाही. सगळं गुळगुळीत. पुसदला उतरलो तेव्हा मी जांभया देत होतो. मी स्नेहलला फोन लावला आणि आवाज गेले कुठं, म्हणून विचारलं.

"काढले ना सर," ती म्हणाली. "तुम्हीच लिहिलं होतं."

मग तिनं सांगितलं ते ऐकून मी हादरलो. सॉफ्टवेअर कंपन्यांत एक रीत असते. कोणाचीही तक्रार आली की तिला बग म्हणायचं, तिला नंबर द्यायचा, आणि ती मिटेपर्यंत सोडायची नाही. तक्रार बरोबर आहे का, हे विचारायचं काम आपलं नव्हे. स्नेहल त्या रीतीत तयार झालेली. तिनं माझा रिव्ह्यू एकेक वाक्य करून वाचला आणि एकेक वाक्याचा बग केला. बडबड कमी करायची सोय नाही, तर बडबडच काढून टाकली. आजोबांमुळे तिकिटं राहतात, म्हणजे खेळणाऱ्याचं लक्ष उडतं, तर त्यांचं बोलणं बंद. बकरीबद्दल मी काही लिहिलं नव्हतं, म्हणून बकरी वाचली.

"अगं, आजोबांचं लिहिलं ते कौतुक होतं," मी म्हणालो.

 ती म्हणाली, "सर, गुण चार होते. मला वाटलं सगळी तक्रारच आहे."

 इतकी वर्षं लिहितोय, आपलं हसू कोणी असं वाचेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

केतकी मॅडमना सांगितलं तर त्यांनी मलाच कोंडीत पकडलं. तुम्ही चुका दाखवल्या, तिनं सगळ्या दुरुस्त केल्या, मग आता कोणत्या तोंडानं चारवर थांबणार? बदलायचं तुम्हीच म्हणत होता.  मी म्हणालो, "मॅडम, गाडी दुरुस्त होऊन आली हे खरं, पण माणसं उतरवून आली."

असली गोष्ट फोनवर सांगणं बरं नव्हे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी नेरला गेलो. स्नेहल ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. मी सरळ सांगितलं, हा असाच राहिला तर चारच. तिनं विचारलं, सगळं दुरुस्त करूनही चार? मी म्हणालो, आवाज परत टाक, बारीक-मोठा करायचं बटण दे, मग बघ. आवाज जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत, म्हणाली. पण मग तिनं दुसरा धक्का दिला. बाहेरच्या त्या कंपनीला मुकी गाडीच आवडली होती. कोणी बोलत नाही म्हणजे भाषांतराची भानगड नाही. बोलणारी गाडी त्यांना नको होती.

म्हणजे मुकी गाडी ठेवली तर माझ्याकडून सात नाहीत, बोलकी केली तर कंपनी नाही. मी खाली मान घालून बसलो. आपल्या एका आकड्यावर कोणाचं असं अडावं, याची मला भीतीच वाटली.

तेवढ्यात समोरच्या घरातले दौलतकाका आले. बकरीवाल्या आजोबांचा आवाज यांचाच. मला जय भीम घातला, पण स्नेहलकडे पाहिलंही नाही. ठिगळ त्यांच्याही फोनमध्ये जाऊन बसलं होतं, आणि त्याआधी त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

"दारव्ह्याच्या जावयाले मोठ्या हौसेनं दाखवाले गेलतो," ते मला म्हणाले. "तं गाडीत मी मुका. बकरी बोलून राह्यली अन् मी गप. जावई विचारे, मामाजी, तुमच्यापरीस बकरीले मान हाय का?"

मला हसू येत होतं, पण काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. स्नेहलनं लॅपटॉप मिटला. गल्लीतले लोक हल्ली आपल्याशी का बोलत नाहीत, ते तिला तेव्हा कळलं. म्हणाली, आवाज टाकते परत, पण विचारून टाकते. काढताना विचारलं नव्हतं. कंपनीचं काय, असं मी विचारलं. "जाऊ द्या," एवढंच म्हणाली आणि चपला घातल्या.

मी तिच्यासोबत घरोघर फिरलो. दौलतकाका पाच मिनिटं रुसले आणि मग मान हलवून हाव म्हणाले. गल्लीतला टेलर म्हणाला, टाक, पण आवाज जरा मोठा ठेव. कोणी टोमणे मारले, कोणी पाठीवरून हात फिरवला. शेवटी राहिली तिची सख्खी मावशी. गेममध्ये मागच्या सीटवर लेकीकडे निघालेली बाई असते, तो आवाज मावशीचा. मावशीनं आम्हाला बसवलं, चहा पाजला, चिवडा दिला. सगळं ऐकून घेतलं.

"मले एक डाव गाडीतून उतरवलं ना तुनं?" ती म्हणाली. "आता मी नाही चढत."

स्नेहलनं पाय धरले. मावशीनं तिला उठवून जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, आणि नाहीच म्हणाली. बाहेर आल्यावर स्नेहल मला बसस्टँडवर सोडून तशीच घरी परतली. 

नवा पॅच आला. गाडी बोलायला लागली, आवाजाचं बटणही आलं. मी आठ गुण दिले. जुना चार गुणांचा रिव्ह्यू आम्ही पुसला नाही. तो तारखेसकट तसाच ठेवला आणि त्याच्याखाली नवा जोडला. केतकी मॅडमनी आता साइटचा नियमच तसा केला आहे. बाहेरच्या कंपनीनं पुन्हा फोन उचलला नाही. स्नेहल आता अर्धा दिवस दुसऱ्यांचं काम करते आणि अर्धा दिवस आपलं. गेम थोडा थोडा खपतो. माझ्यावर तिचा राग आहे का, ते मी विचारलेलं नाही.

या धंद्यात मी एक शिकलो. गेम बदलला तर रिव्ह्यू बदलावा, जरूर बदलावा. पण काय मोडलं ते लिहिताना काय चांगलं आहे तेही स्वच्छ लिहावं, नाहीतर दुरुस्त करणारा तेच आधी उपटतो. आता चांगल्याला मी नुसतं चांगलं म्हणतो, गमतीत सांगत नाही.

परवा नव्या रिव्ह्यूखाली एका वाचकानं विचारलं, मागच्या सीटवरची बाई एकटीच बोलत नाही, हा बग आहे का, पुढच्या पॅचमध्ये दुरुस्त होईल का?

मी उत्तर लिहिलं, बग नाही. बाई रागावलेली आहे.