पळ की रे, साहेब

पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं! घारकाकांना सरड्यांना घाबरवावं लागे.

घारकाका म्हणजे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. हे नाव त्यांना कामावरून पडलं होतं. स्वभावावरून पडायचं असतं तर गोगलगायकाका पडलं असतं. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणावर आवाज चढवला नव्हता, आणि शिकारी व्हायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात पडलं. याला काय म्हणावं!

काम असं होतं. एक लांबलचक लाकडी खोका, एका बाजूला काच आणि पाय घसरू नयेत म्हणून तळाला खरखरीत पॉलिश पेपर. सरड्याला आधी दिव्याखाली शेकायचं, कारण गारठलेला सरडा पळत नाही. मग त्याला एका टोकाला ठेवायचं आणि वरच्या दोरीवरून पुठ्ठ्याची घार सरकवायची. सावली पडली की ब्रशने शेपटीला टोचायचं. सरडा धूम ठोकायचा आणि काचेबाहेरचा कॅमेरा त्याचं पाऊल न् पाऊल टिपायचा.

प्रयोग तिथे संशोधन करणाऱ्या मॅडमचा होता; कुठला सरडा किती वेगाने पळतो ते त्यांना मोजायचं होतं. काही सरडे त्यांनी उघड्या, खडकाळ टेकडीवरून आणले होते. तिथे वर घारी आणि खाली साप. बाकीचे उंच भिंतींच्या एका जुन्या बागेतले, तिथे त्यांच्या वाटेला जाणारं कोणीच नव्हतं. बागेतले आखूड पायांचे आणि गोल पोटाचे, तर टेकडीवरचे लांब पायांचे आणि फटीत शिरता येईल असे चपटे.

“टेकडीवर ज्यांचे पाय आखूड होते ते कोणाच्या तरी पोटात गेले, काका,” मॅडम सांगत. “लांब पायांचे निसटले. त्यांचीच पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. हे पाय शिकाऱ्यांनी घडवलेत.”

काका मान डोलावत आणि ब्रश उचलत. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त साहेब सोडून.

साहेब टेकडीवरचाच होता. सगळ्यांत लांब मागचे पाय त्याचे. मॅडमची सगळी आशा त्याच्यावर. आणि हा पठ्ठ्या खोक्यात ठेवला की ढिम्म हलायचा नाही. घार येऊन गेली, सावली पडली, ब्रश टोचला, तरी हा मान वर करून काकांकडे बघत बसायचा आणि वर तोंड उघडायचा.

“पळ की रे, साहेब!” काका कळवळून म्हणत. “अरे, घार आहे मी!”

साहेब दोन पावलं काकांच्या दिशेने यायचा.

“हा असा का वागतोय, काका?” मॅडमनी कपाळाला हात लावला. “एवढे लांब पाय काय नुसते दाखवायला दिलेत याला?”

काकांनी ब्रश खाली ठेवला. साहेब असा का वागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणल्यावर त्याने खाणंच सोडलं होतं. बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा काकांनी गुपचूप एक अळी बोटावर धरून त्याला भरवली. मग दुसऱ्या दिवशी भरवली. मग रोजच. जनावरांना हाताने खायला घालायचं नाही, हा नियम दारावर लिहिलेला होता आणि तो कागद काकांनीच चिकटवला होता. आता काय बोलणार, कपाळ!

शेवटी त्यांनी सांगून टाकलं.

“काका! अहो, काका!” मॅडम एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. चिडायचं तरी किती, असा त्यांचा चेहरा झाला होता. “याचा आकडा मी सोडून देते. पण काम संपलं की सगळ्यांना परत टेकडीवर सोडायचंय. तिथे खरी घार आली आणि हा असाच तोंड उघडून बसला, तर? याच्या कुळात आजवर जे पळाले तेच वाचलेत. आणि तुम्ही याला बसायला शिकवलंत!”

“इथेच ठेवू या का?”

“जन्मभर पेटीत? हे पाय घेऊन?” मॅडम उठल्या. “भीती तुम्ही घालवलीत, आता तुम्हीच घाला. खायला मी आडोशाने टाकेन.”

घरी काकूंनी हे ऐकलं आणि हातातला टॉवेल आपटला. “आता सरड्यावर ओरडायची शिकवणी लावू का तुम्हाला? आपल्या घरातला साहेब बघा. तिशी आली तरी सोफ्यावर बसून चहाची वाट बघतोय. कधी ‘ऊठ’ म्हणालात त्याला?”

“बाबा, चहा झाला का?” सोफ्यावरून आवाज आला. काका मुकाट्याने आधण ठेवायला गेले. काकूंनी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी काकांनी आधी टाळी वाजवली. साहेबाने मान हलवली. मग ते ओरडले, पण ओरडणं असं बापुडवाणं की मॅडमना तोंड फिरवून हसावं लागलं. तेव्हा मात्र काका स्वतःवरच भडकले. घारीची सावली पडली, आणि सावलीमागोमाग काकांचा हात वरून धाडकन खाली आला. त्यांनी साहेबाला तळाशी दाबला, उलटा केला, मुठीत आवळून धरला. त्याचं काळीज बोटांखाली धडधडत होतं. काकांचंही धडधडत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण मूठ सोडली नाही.

हे रोज चाललं. काकांचं जेवण कमी झालं. आणि एके सकाळी सावली खोक्यावर पडते न पडते तोच साहेब सुटला. असा सुटला की मागचे दोन पायच जमिनीला लागताहेत असं वाटलं. काकांचा हात वरच्या वर राहिला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. काका हसले खरे, पण ब्रश जागेवर ठेवायचा विसरले.

सोडायच्या दिवशी टेकडीवर ऊन तापलं होतं. बाकीचे सरडे पिशवीतून निघाले तसे गडप झाले. साहेब एका खडकावर थांबला. मॅडम पुढे गेल्या होत्या. काकांनी इकडेतिकडे बघितलं, खिशातून डबी काढली आणि बोटावर अळी घेऊन हात हळूच पुढे केला. शेवटचीच, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

त्यांच्या हाताची सावली खडकावर पडली मात्र, साहेब निघून गेला. कुठल्या फटीत शिरला तेही दिसलं नाही.

“लबाडा!” काका खडकावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खणखणीत निघाला. “ओळख तरी ठेवायचीस! एवढं भरवलं तुला, आणि माझ्यापासून पळतोस?”

मॅडम धावत मागे आल्या. “काय झालं, काका? पळाला नाही का?”

“पळाला,” काका म्हणाले, आणि डबी खिशात ठेवून टेकडी उतरायला लागले.