इफ्ताहाची मुलगी आणि आत्याचं बोट

हॉस्पिटलच्या धुलाईत आत्याची तीस वर्षं गेली. रक्ताच्या चादरी, पुवाची फडकी, काय काय तिने खळबळलं. पण त्याच हातांनी डबा उघडायची, कधी नाक मुरडलं नाही. शिसारी म्हणजे काय ते तिला कळलं भावाच्या घरी, पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसून.

भाऊ ऑपरेशनातून उठला होता. आत नेण्याआधी त्याची घाबरगुंडी उडाली आणि त्याने नवस केला: जगलो तर पोरगी देवाच्या कामाला देईन. शिक्षण नाही, लग्न नाही, जन्मभर प्रार्थनाघरात सेवा. पोरीला विचारलं कुणी? तिचा नर्सिंगचा फॉर्म बापाच्या सहीवाचून पडलेला, आणि मुदत उद्याची.

भाऊ वाचला म्हणून घरी ठेवलेल्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला चर्चचे पाळकसाहेब आले, त्यांनी बायबलातली इफ्ताहाची गोष्ट काढली. लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचं अर्पण करीन, असं तो देवाला बोलून बसला. आणि आली नाचत त्याची एकुलती एक लेक; त्याने तिचाच बळी दिला.

"शब्दाचा पक्का बाप!" पाळकसाहेब जिभेवर साखर घोळवत म्हणाले. "आत्याबाई, वाचा. बापाने नवस फेडला, तिथे थांबा."

आता आत्याची शाळा दुसरीपर्यंत. वाचायला शिकली ती बायबलावरच, शब्दाखाली बोट ठेवून. मधे थांबलं की ओळ हरवते, म्हणून बोट एकदा निघालं की अध्यायाच्या टोकालाच टेकायचं. मंडळीत सगळे हसायचे. त्या दिवशीही बोट पुढे सरकलं: दरवर्षी चार दिवस मुली त्या लेकीसाठी शोक करायला जात.

"पुरे, पुरे," पाळकसाहेब म्हणाले.

"पुरे कसं? हेही छापलंय ना?" आत्याने मान वर केली. "चांगलं झालं असतं तर मुली रडल्या कशाला? आणि नवस ऐकून देव 'बरं' म्हणाला का कुठे? माझं बोट तरी त्या शब्दावरून गेलं नाही. अब्राहाम पोराचा बळी द्यायला निघाला, त्याला देवाने थांबवलं. इथे बापच बोलला, बापानेच केलं, आणि आपण माना डोलावतो. शी!"

"आत्याबाई, कठीण भाग आहे हा."

"कठीण कसला, किळसवाणा आहे. लिहिणाऱ्याने म्हणूनच झाकला नाही. आमच्याकडे डागाची चादर वेगळ्या टोपलीत टाकतात, साहेब. कुणाच्या अंगाखाली अंथरत नाहीत."

भाऊ पुटपुटला, "ताई, पण मी देवाला शब्द दिलाय गं."

"मग तू फेड. जीव तुझा वाचला ना? टाके सुकले की जा प्रार्थनाघरात झाडू मारायला, रोज. पोरगी काय तुझ्या खिशातला रुमाल आहे, घाम फुटला की काढायला?"

पाळकसाहेबांनी अर्धा चहा तसाच टाकून चपला चढवल्या. भावाने टाक्यांवर हात दाबला. मग लेकीकडे न बघताच म्हणाला, "पेन आण."

फॉर्मवर सही वाकडीतिकडी आली. आत्याने तिच्याखाली बोट ठेवून ती दोनदा वाचली, आणि मग साबण घेऊन हात धुवायला गेली.