शीग लावलेलं माप

आमच्या आण्णांचे कान गिरणीनं खाल्ले. उमेदीची सारी वर्षं मागांच्या खडखडाटात गेली, दुसरं काय होणार? आधी बारीक आवाज गेले. भांडं पडो, सायकलची घंटी वाजो, त्यांना पत्ता नसे. रस्त्यानं ट्रक गेला की मात्र मान वर करायचे.

शुक्रवार पेठेतल्या भजनात ते पखवाज वाजवत. एकदा त्यांची सम चुकली आणि टाळवाली पोरं फिदीफिदी हसली. मेली कुठली! त्या दिवसापासून पखवाज खुंटीला आणि आण्णा भिंतीला. बोलणंच टाकलं त्यांनी. घरात माणूस असून नसल्यासारखा. माझा जीव तुटायचा.

थोरला भाऊ नवी पेठेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. ट्रक ऐकू येतो तर पखवाजाचा जाड घुमारा का येऊ नये, हे त्याच्या डोक्यानं घेतलं. एका थेटरातून मोडीत निघालेला मोठा स्पीकर त्यानं आणला आणि खोक्यांच्या फळ्या ठोकून पेटी केली. दुकानातल्या पुस्तकात लिहिलं होतं, आत चाळीस लिटर जागा हवी. पण पेटी मागं निमुळती, आत तिरक्या पट्ट्या. गणित काही जुळेना. पाणी ओतावं तर फटींतून गळणार. मग त्याची नजर गेली मामानं माळशिरसहून धाडलेल्या ज्वारीच्या पोत्यावर.

आई कडाडली, "खायाचं धान्य त्या खोक्यात? डोस्कं फिरलंय का तुजं?"

"आण्णांसाठी आहे गं."

आई उठली. पेटीत धुतलेलं जुनं लुगडं अंथरून म्हणाली, "सरक. माप मी घालनार."

तिचं लोखंडी मापटं भावानं आधी पाणी ओतून ताडून बघितलं होतं, नेमकं दोन लिटरचं. म्हणजे वीस मापं. आई घालत गेली, भाऊ मोजत गेला, आणि सतरा मापांतच पेटी काठोकाठ! भावाचं तोंड उतरलं. लहान झाली म्हणून त्यानं चारी बाजूंनी फळ्या वाढवल्या, पुन्हा ज्वारी घातली. वीस भरल्यावर कुठं त्याच्या जिवात जीव आला.

आण्णांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. उगाच आशा लावायची आणि फसलं तर? पेटी त्यांच्याच भिंतीला टेकवून भावानं रेडिओ जोडला. भजन चालू होतं. भावाचे दुकानमालक मुद्दाम ऐकायला आले होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, किती घुमतंय! पेटी मोठी झाली. माप कसं घेतलंस?"

आईनं मोठ्या झोकात करून दाखवलं. मापट्यावर ज्वारीची ही एवढी शीग! मालक हसत सुटले. "ताई, माप हातानं सपाट करायचं असतं!"

"हात फिरवून माप घालत्यात व्हय कुटं? घराची बरकत जाती!"

मी आईवर उखडले. शिगेमुळं सतरा मापांतच चाळीस लिटर भरले होते, आधीचीच पेटी बरोबर होती. पण मी आणि भाऊ तरी काय करत होतो? समोर बसून मोजलं, आणि शीग दिसलीच नाही. आमच्या घरात भरलेलं माप म्हणजे शिगेचंच. त्याखेरीज माप आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

मालक गेले. पेटी पुन्हा लहान करायला भावानं करवत उचलली आणि तो रेडिओ बंद करायला वाकला.

तेवढ्यात त्याचं मनगट कुणीतरी धरलं. आण्णा! कधी उठले, कळलंच नाही. म्हणाले, "थांब की. भित्ताड बोलतंय."

ते खाली बसले, पेटीला पाठ लावली, डोळे मिटले. मग उजवा हात मांडीवर हलायला लागला. बोटं, तळवा, बोटं. आणि रेडिओतल्या पखवाजाची थाप पडली, तेव्हाच, अगदी तेव्हाच, आण्णांचा तळवा मांडीवर पडला. पुन्हा पडला. मला रडू आवरेना.

त्यांनी डोळे उघडून आईकडं बघितलं. परीक्षा दिलेल्या पोरासारखं विचारलं, "चुकली का गं?"

आईला तालातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण ती त्यांच्या कानाशी वाकून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "न्हाय चुकली! कुनी हसू दे तर आता!"

आणि तिनं खुंटीवरचा पखवाज काढला.